प्रयोगशाळेत रसायन सांडल्यास : सुरक्षित कार्यवाहीची शास्त्रीय बाजू

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आम्ल सांडले किंवा तापमापी फुटली, की पहिली हाक परिचराला जाते आणि तो फडके वा झाडू घेऊन येतो. ही प्रथा जितकी अंगवळणी पडलेली, तितकीच घातक आहे. सांडलेला पदार्थ कोणता हे निश्चित होईपर्यंत पुसण्याची घाई करू नये. विद्यार्थ्यांना दूर नेणे, जवळचे बर्नर बंद करणे आणि खिडक्या उघडणे ही कामे त्याआधीची होत.

याचे कारण असे की, एका रसायनावरील उपाय दुसऱ्याच्या बाबतीत अपाय ठरतो. संहत सल्फ्युरिक आम्लाच्या थारोळ्यावर थोडे पाणी ओतल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन थेंब उडतात. तेथे सोडियम बायकार्बोनेटची भुकटी कडेकडून मध्याकडे पसरावी आणि फसफस पूर्ण थांबल्यावरच ते मिश्रण गोळा करावे. तेच आम्ल त्वचेवर पडल्यास मात्र ती वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटे धुवावी. संहत नायट्रिक आम्ल प्रबळ ऑक्सिडीकारक असल्याने त्यावर लाकडाचा भुसा टाकणे म्हणजे आगीला निमंत्रण. वाळू तरी सर्वत्र चालते, हा समजही खरा नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाळूतील सिलिकाशी अभिक्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो.

पाऱ्याचे प्रकरण अधिक फसवे आहे. झाडूने त्याचे असंख्य सूक्ष्म गोळे होऊन फरशीच्या फटीत शिरतात आणि सामान्य तापमानालाही त्यांची गंधहीन, विषारी वाफ होत राहते. जाड कागदाने गोळे एकत्र करून ते ड्रॉपरने घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. मोरीत टाकू नयेत.

रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात ही माहिती असते. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरण पद्धतीनुसार त्याचे 16 विभाग असून सहावा विभाग सांडलेल्या रसायनाविषयीच आहे. परंतु इंग्रजीतील हे पत्रक कार्यालयाच्या फाइलमध्ये राहिले, तर प्रत्यक्ष फरशी पुसणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. विभागाने नित्य वापरातील रसायनांपुरता त्याचा मराठी गोषवारा कपाटाच्या दारावर लावावा. शेजारी चष्मा, रसायनरोधक हातमोजे व बायकार्बोनेटचा डबा ठेवावा. आटोक्याबाहेरची गळती परिचराकडे सोपवू नये. खोली रिकामी करून अग्निशमन दलास बोलवावे आणि जवानांच्या हाती प्रथम ते पत्रक द्यावे.