दत्तक की पालकत्व? आधी लेकराला विचारा

'माय मरो, मावशी जगो' असं आपल्याकडे म्हणतात. आई-वडिलांमागे पोर उघड्यावर पडू नये म्हणून मामा-मावशी, काका-आत्या धावून येतात, हे आपलं भाग्यच. पण मैत्रिणींनो, पोर घरी आणलं म्हणजे काम संपत नाही. कागदावर ते कुणाचं, हा प्रश्न उरतोच. शाळेचा दाखला, बँकेचं पुस्तक, वडिलांच्या नावचा सातबारा, प्रत्येक ठिकाणी तो पुढे येतो.

तळेरे परिसरात काम करताना अशा कौटुंबिक बैठका मी पाहिल्या आहेत. तेराव्याला पाहुणे जमलेले असतात. मुंबईचे काका म्हणतात, "आम्ही दत्तक घेतो." गावची मावशी म्हणते, "माझ्याकडेच राहू दे." घराची, चार कलमांची कुजबुजही चालू असते. एका घरी कोपऱ्यातली आजी एकदम म्हणाली, "सगळे बोलतत, पण चेडवाक कोणी इचारल्यान काय?" सगळे गप्प!

कायदाही या आजीच्याच बाजूचा आहे. पाच वर्षांवरच्या मुलाला नात्यात दत्तक द्यायचं तर त्याची संमती लागते.

दत्तक आणि पालकत्व यांत आपण गल्लत करतो. दत्तक घेतलं की काका कायमचे बाबा होतात आणि जन्मघराशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं. मात्र आधीच मुलाच्या नावावर झालेली मिळकत मुलाचीच राहते. पालकत्वात काका काकाच राहतात, आई-वडिलांचं नाव तसंच राहतं. १८९०च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालय पालक नेमतं. मूल १८ वर्षांचं झालं की ती जबाबदारी संपते. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला मुलाचं घर किंवा बाग न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळे कुजबुज करणाऱ्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं.

आई-वडील दोघंही नसतील तर नुसत्या स्टँपपेपरवर आजोबांची सही घेऊन दत्तक होत नाही. हिंदू दत्तक कायद्याने जायचं तर पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. २०१५च्या बालन्याय कायद्याने जायचं तर बाल कल्याण समितीची परवानगी हवी. १ सप्टेंबर २०२२पासून या कायद्याखालचा दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे आपल्याला सिंधुदुर्गनगरीच गाठायची. या कायद्यात नातेवाईक म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. दूरचे चुलते त्यात येत नाहीत.

एकट्या बाईला कोण मूल देणार, असंही विचारलं जातं. भुसावळच्या एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीची मुलगी दत्तक हवी होती. ती नोकरी करते, मुलीकडे लक्ष कसं देणार, असं म्हणत तिथल्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. एप्रिल २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. एकटी आई बहुधा नोकरी करणारीच असणार, हे न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी स्पष्ट केलं.

दुसरं उदाहरण अहमदाबादचं. २०२१च्या कोरोनात एका लहानग्याचे आई-वडील दोघंही गेले. उच्च न्यायालयाने त्याचा ताबा सरकारी नोकरीतल्या मावशीला दिला. पण जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आजी-आजोबांना दिला. उत्पन्न आणि वय एवढ्यावरच ठरवायचं नाही, मुलाची माया कुठे आहे तेही बघायचं, असा त्याचा अर्थ.

पैशाची अडचण असेल म्हणून आजीने नातवाला परक्याकडे पाठवायची गरज नाही. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतली मदत २०२३मध्ये दरमहा २२५० रुपये करण्यात आली. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. अंगणवाडीताईंनाही विचारता येईल. मूल संकटात असेल तर १०९८ हा फोन लक्षात ठेवा.

मूल बालगृहात पोचलं असलं तरी नातेवाईकांनी हात झटकू नयेत. समितीपुढे जाऊन आपलं म्हणणं मांडावं. समिती घरची चौकशी करूनच मुलाला नातेवाईकांकडे सोपवू शकते.

आणि एक सांगू? तेराव्याच्या गर्दीत काहीच ठरवू नका. दोन-तीन महिने जाऊ द्यात. लेकराला त्याच्या ओळखीच्या अंगणात, त्याच्याच शाळेत राहू द्या. त्याचं रडणं थोडं ओसरलं की शेजारी बसून विचारा, "बाळा, तुला कुठे राहायचंय?"