चित्र सुधारायला गेलं की बिघडतं, ते का?

जून महिन्यात चँडलरमध्ये जलरंगात आकाश रंगवून बघा. बाहेर पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर, हवा कोरडी ठणठणीत, घरात एसी चालू. निळा वॉश टाकत ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड वाळायला लागलेली असते. कोकणातल्या पावसाळ्यात तेच आकाश बराच वेळ ओलं राहिलं असतं. यूट्यूबवर शिकवणारे कुठल्या हवेत बसलेत, हे सहसा सांगत नाहीत. त्यामुळे आपल्याला वाटतं, हात आपलाच कच्चा.

मग आपण दिसलेला डाग घालवायला ओला ब्रश घेऊन परत जातो, आणि खरा घोटाळा इथे होतो. अर्धवट वाळलेल्या रंगात नवं पाणी गेलं की ते आधीचे रंगकण बाजूला ढकलतं आणि फुलकोबीसारखा कातरलेला डाग उमटतो. तो पुसायला पुन्हा पाणी घ्यावं, तर डाग आणखी मोठा! कडेला गडद रेघ उमटते त्याचं कारण कॉफीच्या डागासारखंच आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये ते मांडलं होतं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते, तिथलं पाणी भराभर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कणही घेऊन जातं. थोडक्यात, डागात तुमच्यापेक्षा बाष्पीभवनाचा वाटा जास्त असू शकतो. परत परत दुरुस्तीला जाणं मात्र आपलं.

ही सवय येते कुठून? तुमच्या आईबाबांना ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमीजिएट’ विचारा. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या या चित्रकला परीक्षा शाळेतली असंख्य मुलं देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि शेवटी ए, बी किंवा सी ग्रेड. या परीक्षांनी अनेकांना पेन्सिल धरायला शिकवलं, ते नाकारायचं कारण नाही. पण चित्र काढताना परीक्षक मागे उभा आहे ही भावनाही त्यांनीच दिली, असं मला वाटतं. आता परीक्षकाच्या जागी इन्स्टाग्राम आलंय, एवढंच.

याबद्दल एक जुना प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं समोर ठेवली, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेनं चित्र काढलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे अडचण कौतुकाची नाही, कौतुक मिळेल या हिशेबानं बसण्याची आहे. मुलं ३ ते ५ वर्षांची होती, त्यामुळे निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये. तरी ‘पूर्वी तासन्‌तास काढायचो, आता बसवतच नाही’ म्हणणाऱ्यांना यात काहीतरी ओळखीचं वाटेल.

‘परफेक्शनिझम’ आणि उंच अपेक्षा या एकच गोष्ट नाहीत, हेही बघा. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर. त्यांचं हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरला आहे. मुलगी गीता हिला समोर उभं करून त्यांनी ते जलरंगात केलं. ज्या माध्यमात खोडायची सोयच जवळपास नाही, त्यात! इतकी नजर आणि हात कमावलेला माणूस दर्जा सोडत नाही, पण पाणी वाळत असताना दुरुस्तीलाही धावत नसणार. मानसशास्त्रात ह्युइट आणि फ्लेट यांनी स्वतःकडून असलेल्या अपेक्षा आणि ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणा मागतात’ ही भावना वेगळी मोजली. करन आणि हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ ची माहिती एकत्र तपासली, तेव्हा सगळ्यात जास्त वाढलेली दिसली ती ही दुसरी भावना.

चँडलरला राहणाऱ्यांसाठी सरावाचा एक झकास विषय गावातच आहे. १९५७ पासून दर डिसेंबरला डाउनटाउनमध्ये टंबलवीडचं ख्रिसमस ट्री उभं राहतं. वाळून, मुळापासून तुटून वाळवंटात गडगडणारी ती झुडपं गोळा करतात, पांढरी रंगवतात आणि एकावर एक रचतात. त्या गुंत्यातली प्रत्येक काडी बरोबर काढणं कुणालाच शक्य नाही, आणि चुकलेली काडी ओळखूही येत नाही. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, फोनवर १० मिनिटांचा टायमर लावा. वॉश एकदा टाकला की पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. चँडलरच्या हवेत फार थांबावंही लागत नाही. फोटो काढू नका. आजीची दारातली रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली जायची आणि दुसऱ्या दिवशी ती नवी काढायची. तसंच दुसऱ्या दिवशी नवा कागद घ्या, आधीचा दुरुस्त करायला काढू नका.