कोर्टाच्या पायरीआधीचा कागद

आपल्या वस्त्यांत अर्ज लिहून देणारा माणूस सापडतो. नोटीस लिहिणारा सहसा सापडत नाही. अर्जाची भाषा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी', 'मी अत्यंत गरीब असून', 'दया व्हावी' ही तिची ठरलेली वळणे. देणारा वर आणि मागणारा खाली, ही गावगाड्याची रचनाच त्या भाषेत उतरली आहे. बलुत्याची भाकर दारोदार मागून आणावी लागे, तसा हक्कही मागून आणायचा असतो, ही समजूत त्यातून पक्की होते. नोटिशीत दयेला जागा नसते. देणे किती, कशाचे, केव्हापासूनचे आणि किती दिवसांत द्यायचे, एवढेच तीत असते. म्हणून नोटीस कशी लिहावी हे वकिलांइतकेच कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने आणि शिक्षकानेही शिकून घेतले पाहिजे.

महाडचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २० मार्च १९२७ हा दिवस सर्वांना पाठ आहे. पुढची जवळजवळ दहा वर्षे ती लढाई कोर्टातही चालली, हे मात्र आपण विसरतो. सनातन्यांनी दावा लावून १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी करणारी रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. भावना दोन्ही बाजूंना होत्या. कोर्टाने पुरावा विचारला. नोटीस हा त्या पुराव्याचा पहिला कागद असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बदनापूरकडच्या एका गवंड्याने अंबडला एकाच्या घराचे काम गुत्त्याने घेतले. मजुरी १,२०,००० रुपये ठरली, मिळाले ८२,०००. उरलेल्या पैशांसाठी त्याने दहा चकरा मारल्या. आता तो लिहू पाहतो: 'तुम्ही आमच्यावर घोर अन्याय केला, गरिबाचा तळतळाट तुम्हांला भोवेल.' यातला संताप खरा आहे, पण कोर्टाला यातून काहीच कळत नाही. त्याने असे लिहावे:

'आपण दिनांक ५ नोव्हेंबर रोजी अंबड येथील आपल्या घराचे काम रुपये १,२०,००० मजुरी ठरवून मला गुत्त्याने दिले. मी ते १० फेब्रुवारी रोजी पूर्ण केले. आपण आजवर तीन हप्त्यांत रुपये ८२,००० दिले. रुपये ३८,००० येणे बाकी आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ती रक्कम द्यावी. न दिल्यास मी दिवाणी कोर्टात दावा करीन आणि व्याज व खर्चही मागेन.'

वर दोघांची पूर्ण नावे, पत्ते आणि सालासह तारीख, खाली सही. बस्स. घटना तारखेच्या क्रमाने, हिशेब आकड्यांत, मागणी एकच आणि मुदत स्पष्ट. अठ्ठावीस वेळा वाचले तरी दुसरा अर्थ निघू नये. ३८,००० येणे असताना ५०,००० लिहू नयेत. पुढे उलटतपासणीत तोच कागद आपल्याविरुद्ध वाचला जातो. व्यवहार तोंडी असला तरी बिघडत नाही. ठरवताना कोण हजर होते, पैसे कोणत्या दिवशी खात्यावर आले, मोबाइलवर कोणता निरोप आला, हे आधी जमवावे. मूळ कागद मात्र आपल्याजवळच ठेवावेत. नोटिशीबरोबर फक्त नकला पाठवाव्यात. काम गुत्त्याचे नसून रोजाने किंवा पगारावर असेल, तर मजुरीच्या मागणीसाठी कामगार खात्याचा रस्ता वेगळा आहे.

एका बाबतीत कार्यकर्त्यांनी फार सावध राहावे. 'पैसे दिले नाहीत तर ॲट्रॉसिटी लावीन' अशी ओळ नोटिशीत कधीही घालू नये. जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण झाली असेल तर तो १९८९ च्या कायद्याखालचा गुन्हा आहे. त्यासाठी नोटीस लागत नाही. सरळ पोलिसांत फिर्याद द्यावी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचीही अट नाही. पण तो गुन्हा पैशांच्या सौद्यात घातला, की समोरचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवून खंडणीचा आरोप करतो. त्यात त्या माणसाचा दावा पडतोच, आणि कायदा खोटा वापरला जातो अशी ओरड करणाऱ्यांच्या हातीही कोलीत जाते.

नोटीस हाती दिली तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. टपालाने पाठवायची तर २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, हे लक्षात ठेवावे. नोंदणीची व पोच मिळण्याची सोय मागून घ्यावी आणि पावती जपावी. 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन पाकीट परत आले तर ते फोडू नये. योग्य पत्त्यावर रीतसर पाठवलेली नोटीस मिळाली, असे कोर्ट गृहीत धरू शकते. मिळाली नाही हे मग समोरच्याने सिद्ध करायचे.

मुदतीचा फास सर्वांत वाईट. वरच्या उदाहरणात काम संपल्यापासून ३ वर्षांत दावा व्हायला हवा. खाजगी माणसाला कितीही नोटिसा पाठवल्या तरी ती मुदत थांबत नाही. मात्र मुदत संपण्याआधी समोरच्याने 'एवढे देणे आहे, दिवाळीनंतर देतो' असे सहीनिशी लिहून दिले, तर तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणून उत्तराचे पत्र फेकू नये.

अशा खाजगी येण्यासाठी नोटिशीची सहसा सक्ती नसते. पण दोन ठिकाणी ती आहे. चेक परत आला आणि फौजदारी तक्रार करायची असेल, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. दुसरे सरकार. राज्य सरकारवर दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. तीत नाव, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागितलेली दाद हवी. हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. उद्याच झोपडी पाडणार असतील तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीविना दावा करता येतो. आपल्या मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांना याची गरज वारंवार पडते. पण जमिनीच्या अनेक वादांत आधी महसुली अपील करावे लागते, म्हणून मार्ग वकिलाला विचारूनच ठरवावा.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे जावे. दावा लावण्याआधीचे प्रकरण लोकअदालतीतही ठेवता येते. तेथे तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नये.

माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा मी पहिलाच. आमच्या आधीच्या पिढीचे अंगठे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर उमटले. आज आपल्या मुलांना लिहिता येते. प्रत्येक वस्तीत एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने लोकांच्या पावत्या, तारखा आणि हिशेब लिहून ठेवायला सुरुवात केली, तरी पुढच्या नोटिशीचे अर्धे काम झालेले असेल.