हेरिंग गेला कुठे?

सिग्लुफ्योर्दुर हे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचे बंदर. १९०३ साली नॉर्वेच्या बोटींनी इथे हेरिंग उतरवायला सुरुवात केली आणि चार-पाच दशकांत चिमुकल्या वस्तीचे तीन हजारांचे गाव झाले. हेरिंग हा आपल्या तारलीचाच थंड पाण्यातला भाऊबंद. हंगामात धक्क्यावर बायका-पोरींची रांग वाकलेली असे. सुरीच्या एका फटक्यात मुंडके आणि आतडी बाहेर, मासा पिंपात, वर मीठ, लगेच पुढचा थर. पिंप भरले की त्या बाईच्या रबरी बुटात एक बिल्ला पडायचा. जितके बिल्ले, तितकी मजुरी.

ही सगळी बरकत दोन प्रवाहांच्या गाठीवर उभी होती. इर्मिंगर प्रवाह अटलांटिकचे उबदार, खारट पाणी पश्चिम किनाऱ्याने वर नेतो आणि वळसा घालून उत्तरेला आणतो. ग्रीनलँडच्या बाजूने ध्रुवीय पाणी खाली उतरते. त्याचा एक फाटा, पूर्व आइसलँड प्रवाह, बेटाच्या ईशान्येला येतो. या पाण्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर कॅलॅनस नावाचे, तांदळाच्या कणीएवढे प्लवक माजते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर अंडी घालून खंगलेला हेरिंग त्याच्यावर ताव मारायला पश्चिमेकडे यायचा.

१९६५ मध्ये पूर्व आइसलँड प्रवाहाने रंग बदलला. त्यात ध्रुवाकडचे कमी खारट पाणी शिरले. असे पाणी हलके असल्याने वरच तरंगते. हिवाळ्यात खालच्या पाण्याशी मिसळत नाही, उलट गोठते. खालची पोषक द्रव्ये वर येईनात, कॅलॅनस घटले आणि १९६८ मध्ये तर बर्फ थेट किनाऱ्याला भिडला. हेरिंगने चरायची जागा बदलली. तो यान मायेन बेटाकडे आणि पुढे पार स्वालबार्डपर्यंत सरकला.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. मासेमारांनाही ती सोयीची, कारण समुद्रावर खटला भरता येत नाही. पण १९६६ चा आकडा बघा: आइसलँडची हेरिंगची पकड सात लाख टनांच्या वर गेली होती. प्रवाह बिघडल्यानंतर विक्रमी पकड! याचे कारण बोटींवर होते. सोनार आला होता, त्यामुळे पृष्ठभागावर न दिसणारा थवाही सापडे. पॉवर ब्लॉकची कप्पी आली होती, त्यामुळे अजस्र पर्ससीन जाळे मोजकी माणसे ओढून घेत. मासा दूर गेला तशा बोटीही दूर गेल्या. नॉर्वे तर किनाऱ्यालगतची कोवळी पिल्लेही तेल आणि भुकटीसाठी उपसत होता. साठा आटत होता, पण धक्क्यावर ते कळत नव्हते. पर्ससीनवरून रत्नागिरी-मालवणात इतकी वर्षे जो वाद चालला आहे, तो पाहिलेल्याला हे वेगळे समजावावे लागणार नाही.

१९६८ मध्ये पकड दीड लाख टनांच्या आत आली. १९६७ आणि १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षे आइसलँडच्या क्रोना या चलनाचे अवमूल्यन झाले, बेकारी वाढली, काही कुटुंबे ऑस्ट्रेलियाला गेली. एके काळी एक कोटी टनांच्या घरात असलेला अंडी घालणाऱ्या माशांचा साठा १९७२ पर्यंत काही हजार टनांवर आला. माझ्या मते प्रवाहाने मासा फक्त हलवला. संपवला तो जाळ्यांनी.

त्यानंतरचा भाग मला अधिक विलक्षण वाटतो. सत्तरच्या दशकातच पाणी पुन्हा सुधारले, पण हेरिंग आलाच नाही. पश्चिमेची वाट ठाऊक असलेले म्हातारे मासे उरले नव्हते आणि वाचलेली तरुण पिढी नॉर्वेच्या किनाऱ्यालाच धरून राहिली. मोठा थवा पुन्हा आइसलँडच्या पूर्वेकडे चरायला येईपर्यंत नव्वदचे दशक उजाडले.

पुढे तसाच खेळ वेगळ्या माशाबाबत रंगला. २००७ नंतर, समुद्र तापल्यावर, तिथे मॅकरेलच्या झुंडी आल्या. हा आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा. आइसलँडने स्वतःच स्वतःचा कोटा ठरवला; युरोपीय संघ आणि नॉर्वे खवळले. हिस्सेवाटप काही जुळले नाही, सगळे देश मिळून शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा जास्त मासा पकडत राहिले आणि २०१९ मध्ये त्या मॅकरेलचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र स्थगित झाले. पुढच्याच वर्षीच्या पाहणीत आइसलँडच्या पाण्यातला मॅकरेल एकदम घटलेला दिसला. तो परत पूर्वेकडे सरकला होता. वाटपाच्या बैठका मात्र चालूच राहिल्या.