खावटी कोणाच्या हक्काची?

पति-पत्नी विभक्त झाली म्हणजे त्यांचे आपसांतील देणेघेणे मिटत असेल वा नसेल. परंतु अपत्यांचे उभयतांकडील येणे त्या दिवशी मिटत नाही, ही साधी गोष्ट आपल्याकडे चांगल्या सुशिक्षित घरांतूनही विस्मृतीत गेलेली दिसते. ‘मुलाला भेटू देत नाहीत, मग पैसे कशाचे?’ हा सवाल अशा घरांत नित्य ऐकू येतो. भेटीचा तंटा असेल तर कुटुंब न्यायालयात त्यासाठी निराळा अर्ज करता येतो. पोराचे दूध आणि शाळेची फी अडवून तो निकालात निघत नाही.

आई मिळवती असली की बाप मोकळा, हाही असाच एक समज. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या (1956) कलम 20 ने अपत्यांच्या निर्वाहाचे दायित्व मातापिता दोघांवर टाकले असल्यामुळे आईच्या पगाराने बापाचा वाटा घटू शकेल, नाहीसा होणार नाही. विवाहबाह्य संततीलाही हा हक्क आहे. आणि मुसलमान घटस्फोटितेच्या मुलांचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालील हक्क अबाधित असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1997 सालीच दिलेला आहे.

परंतु सर्वांत दृढमूल भ्रम आहे तो परस्परसंमतीच्या फारकतीविषयीचा. सुटका लवकर व्हावी म्हणून ‘मुलासाठी काही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले की प्रश्न कायमचा मिटला, असे वकिलाच्या पायरीवरचे हितचिंतकही सांगतात. जो हक्क मुलाचा, तो आईने सोडावा कसा?

खावटीच्या रकमेला ठराविक टक्केवारी नाही. कलम 125 मधील 500 रुपयांची जुनी कमाल मर्यादाही 2001 मध्ये उठली. नागपूरच्या एका प्रकरणात मुलाला सप्टेंबर 2013 पासून दरमहा 5,000 आणि दोन वर्षांनी 10,000 रुपये अंतरिम खावटी ठरली होती; त्याच प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि खावटी हुकमाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरवून दिले.

राहिली थकबाकी. ती न दिल्याबद्दल कैद भोगली की ती फिटत नाही, हे 1989 पासून स्पष्ट आहे. मात्र पूर्वीचे कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, याखाली वसुलीचे वारंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तेव्हा ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून थांबू नये.