जबड्याचं हाड: गाइड लावून की नजरेनं?

तोंडाच्या कॅन्सरमध्ये खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला, तर तिथे बऱ्याचदा पायातलं फिब्युला हे बारीक हाड बसवतात. १९८९ मध्ये हिडाल्गो या अमेरिकन सर्जननी ही पद्धत मांडली. अडचण एकच, फिब्युला सरळ आणि जबडा घोड्याच्या नालेसारखा. म्हणजे हाड कापून कोनात जुळवायचं, तेही त्याची रक्तवाहिनी सांभाळून!

काही सर्जन हे कोन ऑपरेशन करतानाच नजरेनं ठरवतात. त्याला हात बसलेला लागतो. दुसऱ्या पद्धतीत सीटी स्कॅनवरून सगळी कापाकापी आधी स्क्रीनवर होते. मग थ्रीडी प्रिंट केलेलं गाइड हाडावर बसवायचं आणि त्याच्या खाचेतून करवत चालवायची. जुळणी नेमकी होते, सहसा वेळही वाचतो.

मी पडलो इंजिनिअर, मला वाटलं प्रश्न सुटला. पण गाइड म्हणजे हार्डकोड केलेली व्हॅल्यू. स्कॅननंतर ऑपरेशनपर्यंत दिवस जातात. तेवढ्यात गाठ वाढली, जास्त हाड काढावं लागलं, तर गाइड बिनकामाचं. मग पुन्हा हात आणि नजरच.

घरात कोणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: स्कॅन कधीचा आहे, आणि गाइड बसलंच नाही तर काय करणार?