थिबाचा राजवाडा आणि जगाचे राजकारण

आंतरराष्ट्रीय राजकारण हा विषय व्याख्यानासाठी घेतला की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, "अहो, त्या लंडन-वॉशिंग्टनच्या उलाढालींशी आम्हां रत्नागिरीकरांना काय कर्तव्य? आमचा संबंध आंब्याशी, मासळीशी आणि मुंबईच्या चाकरमान्याशी." प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देण्यासाठी आम्ही श्रोत्यांना लंडनला नेणार नाही. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून जो थिबा राजवाडा उभा आहे, तेथपर्यंतच चला, एवढेच आमचे म्हणणे आहे. विद्यापीठांतील पंडित ज्या प्रश्नांवर जाडजूड ग्रंथ लिहितात, ते सारे प्रश्न त्या एका वास्तूत दाटीने राहत आहेत.

प्रथम या विद्वानांची थोडी ओळख करून घेऊ. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र ही शास्त्रे जुनी. त्यांच्या मानाने आंतरराष्ट्रीय राजकारणाचा स्वतंत्र अभ्यास अगदी अलीकडचा. पहिल्या महायुद्धात युरोपातील तरुणांची एक अख्खी पिढी कापली गेली, तेव्हा हे असे का घडले याचा शांतपणे विचार झाला पाहिजे असे काही मंडळींना वाटले. युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ देणगी मिळून वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे १९१९ साली या विषयाचे पहिले अध्यासन निघाले. म्हणजे या शास्त्राचा जन्मच मुळी सुतकात झाला. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था सुरू झाली, ती १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. या क्षेत्रातील अभ्यासकांचे विषय अनेक असले, तरी सामान्य नागरिकाच्या दृष्टीने त्यांचे मुख्य प्रश्न तीन आहेत. युद्ध का होते? माणसे आपले घर का सोडतात? आणि आपला कोण व परका कोण, हे कोण ठरवितो?

पहिला प्रश्न घेऊ. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशावर स्वारी केली, पंधरवड्यात मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत केले. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाल्याचे जाहीर झाले. राजाला आधी मद्रासेस आणि एप्रिल १८८६ मध्ये तेथून रत्नागिरीस आणण्यात आले. रत्नागिरीच का? येथे त्या काळी रेल्वे नव्हती; ती येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. पावसाळ्यात बोटी बंद. ब्रह्मदेश तर हजारो कोस दूर. राजाला जगापासून तोडावयाचे तर याहून सोयीची जागा कोणती? आपल्या गावाची गैरसोय ही साम्राज्याची सोय ठरली.

परंतु हे युद्ध झाले का? केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युद्धाची कारणे तीन पायऱ्यांवर शोधावीत असे सुचविले. पहिली पायरी माणसाची, दुसरी राज्याच्या अंतर्गत घडणीची, तिसरी साऱ्या राज्यांच्या परस्परसंबंधांची. हीच मोजपट्टी थिबाला लावून पाहू.

पहिल्या पायरीवर उभे राहिलो तर दिसतो तो थिबा नावाचा तरुण राजा. १८७८ साली गादीवर आला तेव्हा त्याचे वय वीसच्या आत. पुढच्याच वर्षी राजघराण्यातील अनेक भाऊबंदांची कत्तल झाली. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला क्रूर व दारूबाज ठरविले आणि अशा राजाला दूर करणे हे पुण्यकर्मच होय असा सूर लावला. कत्तल खोटी नव्हती. पण ती झाली १८७९ साली आणि स्वारी झाली १८८५ साली. पुण्यकर्माला सहा वर्षे उशीर का व्हावा?

म्हणून दुसऱ्या पायरीवर जावे. तेथे सागवान दिसते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मी जंगलांतून सागाचे ओंडके काढीत असे. कंपनी ओंडके जास्त नेते आणि पैसे कमी भरते, असा आरोप ठेवून मंडालेच्या मंत्रिमंडळाने १८८५ साली तिला जबर दंड केला. कंपनीने आरोप नाकारला. इंग्लंड-हिंदुस्थानातील व्यापारी मंडळींना उत्तर ब्रह्मदेशाची बाजारपेठ व तेथून चीनला जाणारा मार्ग कधीपासून हवाच होता. त्यांच्या ओरडीला राज्यकर्त्यांचे कान तयार होते.

तिसऱ्या पायरीवर चढले म्हणजे सारा आशिया खंड दिसू लागतो. फ्रान्स तेव्हा व्हिएतनाममध्ये पाय रोवीत होता, आणि जानेवारी १८८५ मध्ये मंडालेने फ्रान्सशी व्यापारी तह केला. हिंदुस्थानच्या पूर्व दारात फ्रेंच येऊन बसणार, ही धास्ती इंग्रजांना पडली. ऑक्टोबरात त्यांनी निर्वाणीचा खलिता धाडला. त्यात दंड तहकूब ठेवण्याची मागणी होतीच. पण ब्रह्मदेशाने आपले परराष्ट्र-धोरण इंग्रजांच्या सल्ल्याने चालवावे, हीही अट होती. थिबा देवमाणूस असता तरी ही अट मान्य करून तो स्वतंत्र राजा राहू शकला नसता.

आता या तिन्हींपैकी खरे कारण कोणते? अभ्यासक सांगतात की एका पायरीवर बसून राहाल तर फसाल. अमुक राजा वाईट म्हणून युद्ध झाले, असे कोणी सांगू लागला की पुढच्या दोन पायऱ्या चढून पाहावे. ही सवय आजचे वृत्तपत्र वाचतानाही फार उपयोगी पडते.

आता दुसरा प्रश्न: माणसे घर का सोडतात? योगायोग असा की, ज्या १८८५ साली मंडाले पडले त्याच साली लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीपुढे रेव्हनस्टाइन नावाच्या नकाशाकाराने स्थलांतराच्या नियमांवर निबंध वाचला. ब्रिटनच्या शिरगणतीचे आकडे जुळवून त्याने दाखविले की बहुतेक माणसे जवळच जातात. लांब जाणारे मोठ्या व्यापारी वा औद्योगिक शहराची वाट धरतात. आणि जाणाऱ्या प्रत्येक लोंढ्यामागे परत येणाऱ्यांचाही एक प्रवाह असतो. कोकणच्या माणसाला हे सांगावयास रेव्हनस्टाइन कशाला हवा! मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि बोटीवरील खलाशीगिरी यांनी आपली किती घरे पुरुषांवाचून ठेवली ते आपण जाणतोच. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा म्हणजे एक प्रकारे न बोललेली हकिगतच आहे. गणपतीला भरणाऱ्या गाड्या हा रेव्हनस्टाइनचा परतीचा प्रवाह.

हाच नियम ब्रह्मदेशात मोठ्या प्रमाणावर दिसला. इंग्रजांनी इरावतीच्या मुखाकडील प्रदेश भातशेतीखाली आणला, रंगून बंदर वाढविले आणि हिंदुस्थान व ब्रह्मदेश एकाच सरकारच्या अमलाखाली ठेवले. सरहद्द पुसली गेली तेव्हा तेलुगू, तमिळ, ओरिया, बंगाली मजूर बोटी भरभरून गेले. १९३१ च्या शिरगणतीत ब्रह्मदेशात हिंदी लोक दहा लाखांवर होते आणि रंगून शहरात निम्म्याहून अधिक वस्ती त्यांची होती. त्याच सुमारास जागतिक मंदी आली. भाताचे भाव कोसळले, ब्रह्मी शेतकरी कर्जात बुडाला, आणि दक्षिण ब्रह्मदेशातील मुख्य भातजिल्ह्यांत सुमारे पाव जमीन चेट्टियार सावकारांच्या हाती गेली. आता ब्रह्मी माणसाच्या डोळ्यांनी पाहा. राज्य इंग्रजाचे, सावकार हिंदी, गोदीतला मजूरही हिंदी. मग मजूर आणि सावकार यांतला फरक त्याला दिसेनासा झाला. १९३० साली रंगूनच्या गोदीत दंगल पेटली ती या दोघा गरिबांतच. दरबार बुडविणारे आणि भाव पाडणारे दोघेही त्या दंगलीच्या जागी नव्हते.

तिसरा प्रश्न सर्वांत बोचरा. आपला कोण आणि परका कोण? १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून अलग झाला. कालपर्यंत एका राज्याचे असलेले लोक रातोरात परदेशस्थ ठरले. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले. पुढच्या मार्चात शहर पडले. चार-पाच लाख हिंदी माणसे आराकानच्या, मणिपूरच्या आणि आसामच्या जंगलवाटांनी मायदेशी निघाली, बहुतेकजण पायी. कॉलऱ्याने, हिवतापाने, उपासमारीने हजारो वाटेतच मेले. महायुद्धाच्या इतिहासात लढायांची वर्णने पुष्कळ आली, या पायपिटीचे फार थोडे. ह्यू टिंकर या इंग्रज प्राध्यापकाने १९७५ साली तिच्यावर निबंध लिहिला, त्यात तिला विसरलेली वाटचाल असेच म्हटले.

गोष्ट तेथे संपली नाही. १९६२ साली ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली, दुकाने-कारखाने सरकारजमा झाले आणि आणखी लाखो हिंदी लोकांना सुमारे रित्या हातांनी परतावे लागले. १९८२ साली तेथे नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. १८२३ पूर्वीपासून ज्यांचा समाज त्या भूमीत वसलेला, तेच जन्मजात पूर्ण नागरिक, असा त्याचा रोख. १८२३ च का? कारण १८२४ साली पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले. त्यानंतर आलेले ते इंग्रजांच्या पाठीमागून आलेले, हा त्यामागचा हिशेब. रोहिंग्या मुसलमानांना या यादीत स्थान मिळाले नाही. २०१७ साली लष्करी कारवाईमुळे त्यांच्यातील सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. एका युद्धाची तारीख दीडशे वर्षांनी कायद्यात येऊन बसते आणि त्यानंतर पस्तीस वर्षांनी बाया-बापड्यांना पोरे काखेला मारून नदी ओलांडावी लागते. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणतात ते हे.

आणि हे केवळ ब्रह्मदेशातच घडते असे समजू नये. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. नोकरीधंद्यासाठी आखातात गेलेल्या कोकणातील माणसांच्या घरी त्या रात्री चुली पेटल्या नसतील तर नवल नाही. भारत सरकारने विमाने धाडून सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणले. बगदादच्या एका निर्णयाचा धक्का आपल्या वाडीपर्यंत पोचला तो असा.

हे सारे अभ्यासकांना कळते कसे? दोन वाटांनी. एक वाट सरकारी दप्तराची. रंगून विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक राहिलेले डब्ल्यू. एस. देसाई यांनी थिबाच्या बंदिवासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९६७ साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. पण दप्तरात सरकारला जे लिहावेसे वाटले तेच सापडते. म्हणून दुसरी वाट माणसांच्या आठवणींची, पत्रांची, घराघरांतल्या कहाण्यांची. आठवणही चुकते, हे खरे. यास्तव चांगला अभ्यासक दप्तराने आठवण तपासतो आणि आठवणीने दप्तर. या दुसऱ्या वाटेवर पंडितांना आपल्यासारख्यांची गरज लागते. आजोबांची बोटीवरची नोकरीची वही, आखातातून आलेले जुने पत्र, यांना रद्दीत घालू नये.

शेवटी पुन्हा राजवाड्याकडे येऊ. १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. दिल्लीचा बहादूरशहा १८६२ साली रंगूनला बंदिवासात मेला. थिबा १९१६ च्या डिसेंबरात येथे. राज्यकर्त्यांनी माणसांची अशी अदलाबदल केली आणि आपली खूण मागे ठेवली. १९१९ साली राजकुटुंब ब्रह्मदेशास परतले. परंतु थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली येथेच वारली. तिची मुलगी येथे मराठी बोलत वाढली. तिला परकी म्हणावे की आपली? कायद्याच्या पुस्तकाला याचे उत्तर देताना बराच खल करावा लागेल. शेजाऱ्यांनी ते केव्हाच दिले होते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीच्या दर्शनाला येथवर आले, तेव्हा त्यांना आपल्या राजाचे थडगे सुस्थितीत आढळले नसते तर कमीपणा कोणाला आला असता?

विद्यापीठांतील पंडित युद्धे थांबवू शकलेले नाहीत, हे त्यांच्या शास्त्राचे अपयश म्हणून कोणी दाखवील. पण वैद्यकामुळे मरण थांबले नाही, म्हणून आपण वैद्याकडे जाणे सोडले नाही. या शास्त्राकडून आपण एवढेच घ्यावे: दूरच्या युद्धाची बातमी वाचताना एकाच कारणावर समाधान मानू नये, आणि आपल्या दारी बाहेरून आलेल्या माणसाकडे पाहताना आपलीही माणसे कोणाच्या तरी दारी बाहेरचीच आहेत हे विसरू नये. ज्या गावाने एक राजा बंदिवान म्हणून सांभाळला आणि पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले परमुलखाला धाडली, त्या गावाला हे समजणे अवघड जाऊ नये.